चहाच्या आधी अर्धा तास

आमच्या धरणगावात सकाळ चहाने उजाडते. तोंड धुतलं की चहा, बाकीचं जग त्यानंतर. जिजीने हाडांची गोळीही चहाबरोबरच घेतली. ती चहाबरोबर घ्यायची नसते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

जिजी म्हणजे माझी मोठी चुलती. वय सत्तरीच्या पुढे. मोरीत पाय सरकला, पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. उभ्या माणसाचं एवढ्याशा पडण्याने हाड मोडतं, म्हणजे हाड आतून पोकळ होत आलंय, हे डॉक्टरांनी बरोबर ओळखलं. प्लास्टर घातलं आणि आठवड्याला एक अशी गोळी लिहून दिली. औषध योग्य होतं, मात्राही योग्य होती. चिठ्ठीवर नाव होतं, आकडा होता, सही होती. गोळी घ्यायची कशी, एवढंच नव्हतं.

तिने गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि कंबर धरली होती म्हणून पुन्हा खाटेवर आडवी झाली. पुढच्या आठवड्यातही तसंच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच. महिना होत आला तेव्हा छातीत जाळ उठला. भाकरीचा घास गळ्याखाली उतरेना. "मनी छाती गैरी जळस," एवढंच ती म्हणायची. घरातल्या कुणीतरी मेडिकलमधून पित्ताची गोळी आणली. आराम पडला. मग जिजीने हाडांची गोळी आपल्या मनाने बंद केली आणि पित्ताची चालू ठेवली. महिना-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षं.

तीन वर्षांनी तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. जीभ लाल होऊन सोलली. अंधारात चालताना तोल जायला लागला. रक्त तपासलं तेव्हा बी-१२ तळाला गेलेलं होतं आणि ड जीवनसत्त्वही.

हाडं वाचवायला आणलेली गोळी घरातून गेली. तिच्या जळजळीवर आणलेली गोळी घरात राहिली. आणि त्या राहिलेल्या गोळीने जिजीचे पाय लटपटवले, म्हणजे तिला पुन्हा पडण्याच्या वाटेवर आणून सोडलं.

मी आज एवढंच सांगायला बसलो आहे: आपल्याकडे हाडांच्या औषधाचे म्हणून जे दुष्परिणाम घरोघरी सांगितले जातात, त्यातले कितीतरी औषधाचे नसतात. ते न बोलल्याचे असतात.

* * *

आधी हे औषध करतं काय ते बघू.

खान्देशातली धाब्याची घरं अजून ज्यांच्या डोळ्यासमोर आहेत, त्यांना हाड समजायला वेळ लागणार नाही. पावसाळा तोंडावर आला की धाब्यावर चढायचं, जुनी भुसभुशीत झालेली माती खरवडायची, नवी माती टाकायची, पाणी मारून चोपायची. दरवर्षी. खरवडणं थांबलं तर धाबं कुजतं, माती टाकणं थांबलं तर गळतं. आपल्या हाडांतही असंच रात्रंदिवस चाललेलं असतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड खरवडतात, दुसऱ्या जातीच्या पेशी नवं भरतात. बाईची पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन घटतं, आणि खरवडणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो. खरवडणं वाढतं, भरणं मागे पडतं. धाबं पातळ होत जातं आणि वरून काहीच दिसत नाही. दिसतं ते थेट मोरीत, पाय सरकल्यावर.

अलेन्ड्रोनेट, रिसेड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड ही औषधं खरवडणाऱ्यांचा हात धरून ठेवतात. ती नवी माती आणत नाहीत. माती म्हणजे कॅल्शियम, आणि ती आतड्यातून रक्तात आणणारी बैलगाडी म्हणजे ड जीवनसत्त्व. गाडीच नसेल आणि आपण खरवडणाऱ्याचाही हात बांधला, तर रक्ताला लागणारं कॅल्शियम येणार कुठून? एरवी ते हाडातून निघालं असतं. आता तीही वाट बंद. मग ओठांभोवती मुंग्या येतात, हातापायात वांब येतात, बोटं आखडतात. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं तर हृदयाच्या ठोक्यांपर्यंत गोष्ट जाते. म्हणून ही औषधं सुरू करण्यापूर्वी कॅल्शियम आणि ड तपासायचं, कमी असेल तर आधी ते भरून काढायचं, असा नियम आहे. तो औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो.

आमच्याकडे मात्र मेडिकलवाला पट्टी कात्रीने कापून चार गोळ्या हातात देतो. माहितीपत्रक खोक्यातच राहतं. आणि हातात पडलं असतं तरी ते इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. जिजी मराठी चौथी शिकलेली आहे. तिच्यासाठी ते पत्रक छापलेलं नाही, आणि ज्यांच्यासाठी छापलंय ते तिला वाचून दाखवत नाहीत.

* * *

आता चहाचं.

अलेन्ड्रोनेटची गोळी पोटात गेली तरी तिचा शंभरावा भागसुद्धा रक्तात उतरत नाही. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घेतली तरी ही गत. चहा, दूध, कॉफी, भाकरी, कॅल्शियमची गोळी, यातलं काहीही सोबत गेलं की तो एवढासा भागही वाया जातो. दुधाबरोबर औषध घेतलं की बाधत नाही, ही आपल्या आयांची शिकवण इतर गोळ्यांना लागू पडत असेल. या गोळीला दूधच बाधतं.

दुसरी गोष्ट जिजीच्या छातीची. ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथलं अस्तर जाळते. जखम होते, व्रण पडतो. म्हणून पेलाभर साधं पाणी प्यायचं आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. बसा, उभे राहा, अंगणात फेऱ्या मारा, दळण निवडा. आडवं पडायचं नाही, आणि अर्धा तास पोटात दुसरं काही जाऊ द्यायचं नाही.

हे नवं ज्ञान नाही. अमेरिकेत या औषधाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अन्ननलिकेला जखमा झालेल्या रुग्णांचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकात आले. त्यातल्या अनेकांनी गोळी पुरेशा पाण्याशिवाय घेतली होती किंवा घेऊन ते आडवे झाले होते. सूचना तेव्हाच कडक केल्या गेल्या. म्हणजे जिजीने जी चूक केली, ती जगाला जवळपास तीस वर्षांपूर्वी कळलेली होती. तीस वर्षांत मोबाइल आमच्या शेताच्या बांधापर्यंत पोचला. हे एक वाक्य ओट्यापर्यंत पोचलं नाही.

आणि ज्यांना आधीच गिळताना त्रास होतो, अन्ननलिकेचा आजार आहे किंवा अर्धा तास ताठ बसवतच नाही, त्यांना ही गोळी द्यायचीच नसते. त्यांच्यासाठी दुसरे मार्ग आहेत. पण त्यासाठी विचारावं लागतं: "जिजी, अर्धा तास बसवेल का?" हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात.

* * *

लोक म्हणतात, आपल्या जळगाव जिल्ह्यात उन्हाला काय तोटा? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. इथे ड जीवनसत्त्व कमी पडेलच कसं?

पडतं. कारण ऊन आकाशात असून भागत नाही, ते कातडीवर पडावं लागतं. दिल्लीच्या 'एम्स'मधल्या डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. धडधाकट माणसांच्या रक्तातलं ड मोजलं. उन्हात कवायत करणाऱ्या जवानांत ते सर्वांत बरं निघालं. दवाखान्यात दिवस काढणाऱ्या डॉक्टर-नर्सांत आणि गरोदर बायांत ते फार खाली होतं. शहर तेच, आकाश तेच. फरक उंबऱ्याचा होता.

आमच्या म्हाताऱ्या बायांचा दिवस बघा. डोक्यावर पदर, अंगभर लुगडं किंवा पातळ, हातभर बाह्या. कापूस वेचायला जाणारीला निदान चेहऱ्याला-हाताला ऊन लागतं. गुडघे धरले आणि शेत सुटलं की तेही सुटतं. त्यात म्हातारपणी कातडीची ड बनवण्याची ताकदच उतरते. सावळ्या कातडीला मुळात ऊन जास्त वेळ लागतं. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने तर काहीच होत नाही.

आणि ते 'सकाळचं कोवळं ऊन' मनातून काढून टाका. ड तयार करणारे किरण सूर्य वर चढल्यावरच जमिनीपर्यंत नीट पोचतात. ओळखायची सोपी खूण आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान पडते तेव्हाचं ऊन कामाचं. आमच्या भागात मे महिन्यात ही वेळ सकाळी सव्वानऊ-साडेनऊलाच येते, म्हणजे झळा सुरू व्हायच्या आधी हात-पाय उघडे टाकून थोडा वेळ बसता येतं. डिसेंबरात मात्र ऐन साडेबाराच्या सुमारालाच सावली जेमतेम उंचीएवढी होते. तेव्हा सकाळी सातला शेकोटीजवळ ऊन खात बसलेल्या जिजीला ऊब मिळते, ड मिळत नाही.

म्हणून ज्यांचं ड खूप कमी आहे, त्यांना पुडी लागते. साठ हजार युनिटची पुडी. बहुधा आठवड्याला एक, आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक. ही पुडी दुधातून किंवा जेवणानंतर घ्यायची, कारण ड स्निग्ध पदार्थाबरोबर नीट मुरतं. बघा, एका औषधाला दूध चालत नाही, दुसऱ्याला दूध लागतं. दोन्ही एकाच चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिलेली असतात. कोणतं कशाबरोबर, हे घरात कोण ठरवणार?

आणि 'आठवड्याला एक' हे शब्द कुणी तोंडाने सांगितले नाहीत, तर माणसं पुडी रोज घेतात. ड पाण्यावाटे निघून जात नाही, अंगात साठतं. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान, गुंगी, मुतखडा, मूत्रपिंडाला इजा. अशक्तपणा घालवायला आणलेल्या पुडीने माणूस आणखी गळतो आणि घरचे म्हणतात, अजून एक पुडी द्या.

एकदाच मोठा डोस टोचून मोकळं होण्याचीही सवय आपल्याकडे आहे. सहा लाख युनिटचं इंजेक्शन बाजारात मिळतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या दोन हजारांहून अधिक बायांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा ड जीवनसत्त्वाचा डोस दिला. २०१० मध्ये निकाल आला तेव्हा, ज्यांना डोस दिला होता त्याच बाया जास्त पडल्या होत्या आणि त्यांचीच हाडं जास्त मोडली होती. बैलगाडी भरून माती हवी होती. आपण ट्रकभर ओतली तर धाबं मजबूत होत नाही, खाली येतं.

* * *

आता बी-१२. इथे आपल्याला लांब जायची गरज नाही, पुण्यापर्यंत गेलं की पुरे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. २००६ मध्ये निष्कर्ष आले. दर शंभरात ६७ जणांचं बी-१२ कमी होतं. शहरी मध्यमवर्गात तर शंभरात ८१. खाऊनपिऊन सुखी घरांत हे प्रमाण सर्वांत वाईट. कारण बी-१२ धान्यात नाही, भाजीत नाही, डाळीत नाही. ते दूध-दह्यात थोडं आहे, अंडी-मासे-मांसात भरपूर आहे. कळण्याची भाकरी, ठेचा, वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, सगळं उत्तम अन्न. पण माळ घातलेल्या घरात जिजीसारखी बाई दिवसाला अर्धा पेला चहातलं दूध पिते. बी-१२ तिथे येणार कुठून?

अशा आधीच रिकाम्या होत आलेल्या रांजणाला मग आपण दोन भोकं पाडतो. एक भोक मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं. हे औषध फार मोलाचं आहे, सोडू नका, पण वर्षानुवर्षं घेताना बी-१२ तपासत राहावं लागतं. दुसरं भोक पित्ताच्या गोळीचं. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि ही गोळी तेच आम्ल बंद करते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१३ मध्ये दाखवलं गेलं की, दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ही गोळी घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता जास्त आढळते. त्याआधी २०१० मध्येच तिथल्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता की, ही गोळी दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांत खुबा, मनगट आणि मणक्याचं हाड मोडण्याचा धोका वाढलेला दिसतो. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटची साधी गोळी विरघळायलाही आम्लच लागतं.

जोडून बघा. हाडांची गोळी चुकीची घेतली म्हणून जळजळ. जळजळीसाठी पित्ताची गोळी. त्या गोळीने बी-१२ गेलं, कॅल्शियम नीट मुरेना आणि हाडाचाही धोका वाढला. बी-१२ गेल्यामुळे पाय बधिर, पाय बधिर म्हणून तोल गेला. आणि तोल जाऊन माणूस पडतो कुठे? त्याच मोरीत.

जिजी या सगळ्या फेऱ्यातून गेली. तिची फेरी सुरू झाली होती ती चहाच्या एका घोटापासून.

* * *

हे वाचून कुणी म्हणेल, मग नकोच ती हाडांची औषधं. नाही. तसं म्हणणाऱ्याशी माझं भांडण आहे.

गोळीने जबड्याचं हाड सडतं, मांडी मोडते, असे निरोप मोबाइलवर फिरतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही दुर्मीळ आहेत. जबड्याचा आजार २००३ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. त्यातले बहुतेक रुग्ण कर्करोगासाठी या औषधांचे फार मोठे डोस शिरेतून घेणारे होते. साध्या हाडांच्या झिजेसाठी घेणाऱ्यांत तो फार क्वचित होतो. पण आपल्या गावात मिसरी लावणाऱ्या, किडलेला दात वर्षभर दाबून धरणाऱ्या बाया आहेत. म्हणून औषध सुरू करण्याआधी दात दाखवा, काढायचा असेल तो आधी काढा, आणि नंतर कधी दाताच्या डॉक्टरकडे गेलात तर हे औषध चालू असल्याचं सांगा.

मांडीचं हाड विचित्र जागी मोडणं हेही बरीच वर्षं सलग औषध घेतल्यावर घडतं. वर्षाला लाखात काही मोजक्या जणांत. ते बहुधा सूचना देऊन येतं: मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे बोचणारी दुखण. तशी दुखण आली तर शेकत बसू नका, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढा. म्हणूनच गोळी पाच वर्षं झाली किंवा झोलेड्रोनिक ॲसिडची वर्षाची सलाईन तीनदा झाली की डॉक्टरांनी पुन्हा तपासून ठरवायचं असतं, चालू ठेवायचं की काही काळ विश्रांती द्यायची. हे औषध म्हणजे आयुष्यभराचा रतीब नव्हे.

आता दुसरं पारडं. खुब्याचं हाड मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी साधारण पाचातलं एक वर्षभरात जातं, असं जगभरचे आकडे सांगतात. जे राहतात त्यांतले कितीतरी पुन्हा आपल्या पायांनी संडासापर्यंत जाऊ शकत नाहीत. घरात असं अंथरूण ज्यांनी बघितलंय त्यांना मी वेगळं काय सांगू? १९९६ च्या मोठ्या चाचणीत अलेन्ड्रोनेटने मणक्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आणलं. २००७ च्या चाचणीत वर्षाला एकदा दिलेल्या झोलेड्रोनिक ॲसिडने तीन वर्षांत मणक्याची मोडतोड ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी केली. लाखातल्या मोजक्यांच्या भीतीने पाचातल्या एकाकडे पाठ फिरवू नका.

* * *

सलाईनमधून मिळणाऱ्या या वार्षिक औषधाचेही दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप येतो, अंग मोडून येतं. हे अनेकांना होतं, साध्या तापाच्या गोळीने उतरतं आणि पुढच्या वर्षी बहुधा कमी होतं. सांगितलं नाही तर घरचे म्हणतात, औषध अंगावर आलं, पुन्हा नको. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे देत नाहीत, म्हणून आधी रक्त तपासायचं. आणि त्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं. आमच्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

दुसरं एक इंजेक्शन आहे, डेनोसुमॅब. दर सहा महिन्यांनी पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली. त्याचा मोठा धोका इंजेक्शन घेण्यात नाही, चुकवण्यात आहे. तारीख चुकली आणि महिने उलटले की दाबून ठेवलेलं खरवडणं उसळी मारून उठतं, आणि एकाच वेळी दोन-तीन मणके दबल्याचे रुग्ण जगभर नोंदले गेले आहेत. आता आपल्या गावाचा विचार करा. निम्म्या घरांतली पोरं सुरतेला. आई सहा महिने इथे, सहा महिने तिथे. सुरत-भुसावळ गाडीत ती कपडे घेते, पापड-बिबड्या घेते, नातवासाठी लाडू घेते. इंजेक्शनच्या तारखेचा कागद धरणगावच्या कपाटात राहतो. ज्या डॉक्टरने हे इंजेक्शन दिलं त्याने आईला नव्हे, सुरतेच्या पोराला फोन करून तारीख सांगितली पाहिजे. आणि पोराने ती आपल्या पगाराच्या तारखेसारखी लक्षात ठेवली पाहिजे.

* * *

आणखी एक गोष्ट, जी हाडांच्या गप्पांत कुणी काढत नाही.

"पिशवी काढली." आमच्याकडे चाळिशीच्या आतल्या बायाही हे इतक्या सहज सांगतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली. ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. चाळीसगाव भागातूनही टोळ्या ऊस तोडायला जातात. हा प्रश्न बीडच्या वेशीवर थांबत नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर त्याच दिवशी पाळी जाते, त्याच दिवशी इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो. पन्नाशीत सुरू व्हायची खरवड पस्तिशीत सुरू होते. अशा बाईला पुढच्या पंधरा वर्षांत कुणी तिच्या हाडांबद्दल विचारतं का? ती साठीला वाकते तेव्हा आपण म्हणतो, वय झालं. वय झालेलं नसतं. हिशेब आधीच सुरू झालेला असतो.

हाडांची घनता मोजायची खरी तपासणी म्हणजे डेक्सा. त्यात उणे अडीच किंवा त्याखाली आकडा आला तर तो अस्थिसुषिरता, म्हणजे हाडं ठिसूळ. गावच्या मोफत शिबिरात टाचेला यंत्र लावून जो कागद देतात, तो फार तर इशारा आहे, निदान नाही. त्या कागदावर कुणी वर्षभराचं औषध खपवत असेल तर उठून या.

* * *

ताटाबद्दल थोडक्यात. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ज्वारीत ते अगदीच थोडं आहे. नागलीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, तिळात हजाराच्या वर, दुधात शंभर मिलिलिटरला सव्वाशेच्या आसपास. नागली आपल्या घरात फक्त पापडापुरती आणि तीळ संक्रांतीपुरते राहिले आहेत. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या संशोधकांनी गरीब वस्तीतल्या लहानग्यांना लाडवातून कॅल्शियम देण्याचा प्रयोग केला होता. लाडू आपल्याला कुणी शिकवायला नको. तो जिजीच्याही वाट्याला रोज यावा, एवढंच. घरात दूध आलं की पहिला पेला पोरांना, दुसरा पुरुषांना आणि उरलं तर चहात, हा क्रम बदलल्याशिवाय कोणतीही पुडी पुरी पडणार नाही.

* * *

मागणं फार नाही. पाच वाक्यं. डॉक्टरांनी बोलावीत, मेडिकलवाल्याने पट्टी कापताना बोलावीत, नाहीतर पाकिटावर मराठीत लिहून द्यावीत.

गोळी ठरलेल्या वारी, उठल्याबरोबर, पेलाभर साध्या पाण्याबरोबर.

अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, आडवं होणं नाही.

कॅल्शियमची गोळी त्याच दिवशी जेवणाबरोबर, पुडी आठवड्याला एकच.

छाती जळली, घास अडकला, मांडी ठणकली, तर औषध स्वतः बदलू नका, परत या.

पित्ताची गोळी किती दिवस ते विचारा, आणि वर्षातून एकदा बी-१२ तपासा.

मिनिटभरही लागत नाही. दवाखान्यात गर्दी आहे, डॉक्टरांना वेळ नाही, हे मला दिसतं. पण या मिनिटाच्या बदल्यात जिजीची तीन वर्षं गेली.

जिजी आता बरी आहे. बी-१२ची इंजेक्शनं झाली, मुंग्या ओसरल्या. पित्ताची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सुटली. हाडांसाठी तिला आता गोळी चालत नाही. वर्षातून एकदा सलाईन लागते. काठी घेऊन ती गल्लीच्या टोकापर्यंत जाते.

आमच्या गल्लीत आणखी एका आजीला तीच आठवड्याची गोळी लागली आहे. तिची गोळी सोमवारी असते. दर सोमवारी सकाळी जिजी काठी टेकत तिच्या ओट्यावर जाऊन बसते. सुनेने चहाचा कप आणला की तो आपल्याकडे ओढून घेते. आजी खाटेकडे वळली की तिचा हात धरते.

"चहा आते नही," ती म्हणते. "आर्धा तास बशी ऱ्हाय. आडी पडू नको."